एकाच अक्षराचे पाच अर्थ

व्हर्जन कंट्रोलच्या, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या, साधनात एखादी नवी सोय लिहून झाली की तिच्या ऑप्शनला (कमांडपुढे लिहायच्या सूचनेला) नाव देणे हे शेवटी उरलेले किरकोळ काम समजले जाते. वास्तविक आतला कोड पुढच्या वर्षी संपूर्ण बदलला तरी कोणाला कळणार नाही; नाव मात्र तोवर लोकांच्या बोटांना, त्यांच्या स्क्रिप्टना आणि सर्व्हरवर रोज चालणाऱ्या बिल्डना इतके सरावाचे झालेले असते की ते मागे घेणे जवळजवळ अशक्य होते. त्यातही एका अक्षराचे ऑप्शन देताना माझ्या मते सर्वाधिक कंजुषी करायला हवी.

गिट या व्हर्जन कंट्रोलच्या साधनातील '-एन' हे याचे ठळक उदाहरण आहे. 'गिट ॲड', 'गिट पुश' आणि 'गिट क्लीन' या कमांडना '-एन' दिले की काय घडणार आहे एवढेच दाखवले जाते, प्रत्यक्षात काहीही बदलत नाही. ही सवय अंगवळणी पडलेला माणूस कमिट (बदलांची पक्की नोंद) करण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून 'गिट कमिट -एन' लिहितो, तेव्हा कमिट तर होतेच, शिवाय प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, लावून ठेवलेल्या तपासण्याही वगळल्या जातात, कारण येथे '-एन' हे '--नो-व्हेरिफाय'चे लघुरूप आहे. त्याला हवे होते ते '--ड्राय-रन' या कमांडलाही आहे, पण केवळ पूर्ण नावाने. 'गिट चेरी-पिक'मध्ये हेच अक्षर बदल आणा पण कमिट करू नका असे सांगते, 'गिट क्लोन'मध्ये फाइली चेकआउट करू नका (कामाच्या फोल्डरमध्ये काढून ठेवू नका) असे सांगते, आणि 'गिट लॉग'मध्ये तर त्याच्यापुढे किती कमिट दाखवायचे तो आकडा येतो. यांतील प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर चुकीचा म्हणता येत नाही. ज्याने त्याने आपल्या कमांडपुरता विचार केला, एवढेच.

म्हणून सर्व कमांड आणि त्यांची वापरात असलेली अक्षरे यांचा एकच तक्ता समोर ठेवल्याशिवाय नवे अक्षर देऊ नये, आणि शंका असेल तेथे केवळ लांब नाव द्यावे. लघुरूप पुढे कधीही जोडता येते.

धोकादायक ऑप्शनच्या बाबतीत हिशेब आणखी उलटा झालेला दिसतो. 'गिट पुश'मधील '-एफ' हे दोन कळांत लिहून होते आणि रिमोटवर, म्हणजे सर्वांच्या सामायिक प्रतीत, सहकाऱ्याने मध्यंतरी पाठवलेले कमिट ब्रँचवरून (कामाच्या त्या शाखेवरून) बिनदिक्कत हटवते. रिमोटवरील ब्रँच आपण शेवटची पाहिली तेथेच असेल तरच पुढे जाणारे '--फोर्स-विथ-लीज' २०१३ मध्ये १.८.५ या आवृत्तीत आले, पण त्याला एकही लघुरूप नाही. म्हणजे सावध माणसाने जास्त टाइप करायचे आणि बेफिकीर माणसाने कमी. मर्क्युरियल या गिटसारख्याच दुसऱ्या साधनाची 'रिव्हर्ट' कमांड याच्या नेमकी उलट वागते: बदललेली फाइल पूर्ववत करताना ती जुन्या मजकुराची '.ओरिग' प्रत आपणहून ठेवते आणि ती नको असेल तर '--नो-बॅकअप' (किंवा त्याचे लघुरूप '-सी') असे स्पष्ट लिहावे लागते. त्या '.ओरिग' फाइलींचा फोल्डरमध्ये पसारा होतो हे खरे, पण तो आवरता येतो.

ऑप्शनइतकाच प्रश्न कमांडवर लादलेल्या ओझ्याचाही आहे. 'गिट चेकआउट' ब्रँच बदलते आणि फाइलीतील कमिट न केलेले बदल पुसूनही टाकते. कोणते काम करायचे हे पुढे लिहिलेल्या नावावरून ठरते, आणि त्याच नावाची ब्रँचही असेल तर फाइलच अभिप्रेत आहे हे सांगण्यासाठी मध्ये '--' लिहावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये २.२३ या आवृत्तीत हे काम 'गिट स्विच' आणि 'गिट रिस्टोर' यांत विभागले गेले. 'स्विच'मधील एक निर्णय मला विशेष आवडतो: ब्रँच सोडून थेट एखाद्या कमिटवर जायचे असेल तर '--डिटॅच' लिहिणे सक्तीचे आहे, त्यामुळे नवखा माणूस नकळत त्या अवस्थेत जाऊन अडकत नाही. जुनी 'चेकआउट' अर्थातच तशीच ठेवावी लागली.

शेवटी एक बाब, जी रचनेच्या वेळी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संदिग्धता नसेल तर गिट लांब ऑप्शनचे अर्धवट नावही स्वीकारते, उदाहरणार्थ '--अमेंड'ऐवजी '--अमेन' चालते. टर्मिनलवर ही सवलत सोयीची वाटते, पण उद्या त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा ऑप्शन जोडला गेला की अर्धवट नावावर विसंबलेली स्क्रिप्ट बंद पडते. स्क्रिप्टमध्ये पूर्ण नावच लिहावे असे गिटची मार्गदर्शिका बजावते खरी. मी नवे साधन रचत असेन तर मात्र अर्धवट नाव आल्यास कमांड थांबवून पूर्ण नाव सुचवीन, आणि ही सवलत पहिल्या आवृत्तीपासूनच देणार नाही.