रात्री दात खाणं आणि पाच आठवडे रखडलेला नाईट गार्ड

आधी कामाचं सांगतो. नाईट गार्डसाठी, म्हणजे रात्री झोपताना दातांवर घालायच्या कवचासाठी, दातांचं माप द्यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी देऊ नका. सकाळी द्या, आणि त्यात प्लास्टर कधी ओतणार ते तिथंच विचारा. हे मला कुणी सांगितलं असतं तर माझी दाढ वाचली असती.

उद्यमनगरात माझी छोटी फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, आहे. गेल्या दिवाळीआधी एका मोठ्या ऑर्डरचं कास्टिंग रिजेक्ट होऊन परत आलं, त्यात बँकेचा हप्ता. त्याच सुमाराला सकाळी उठलं की कानशिलं ठणकायला लागली. जांभई दिली की कानापुढं कट्ट असा आवाज यायचा. मला वाटलं कानाचंच काहीतरी. कानाच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासून सांगितलं, कान चांगला आहे, दातांच्या डॉक्टरांकडं जा. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो, त्यामुळं त्याचं दुखणं कानात वाटतं.

बायको तर महिनाभर सांगत होती, "अहो, रात्री करकरा दात खाताय तुम्ही, मला जाग येते." आईचं म्हणणं, जंत झालेत. जंताची गोळीही घेतली, काही फरक पडला नाही.

राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हातात आरसा देऊन दाखवलं. सुळ्यांची टोकं झिजून सपाट झालेली, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरा वळ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. मग विचारलं, "कामाचं टेन्शन आहे का?" मला रागच आला. दात दाखवायला आलोय, टेन्शनचा काय संबंध! पण त्यांनी नीट समजावलं. मनावर ताण असला की जबड्याचे स्नायू आवळलेले राहतात, झोप सावध होते आणि झोपेत दात घासले जातात. झिजलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, परत येत नाही. ताणात तोंड कोरडं पडतं, तोंड येतं, हिरड्याही लवकर सुजतात, कारण शरीराची प्रतिकारशक्ती कमी पडते आणि आपण ब्रशही उरकून टाकतो. त्या दोन महिन्यांत मला तीनदा तोंड आलं होतं. मी आपला तांबड्या रश्श्याला दोष देत होतो.

उपाय सांगितला नाईट गार्डचा. कडक अ‍ॅक्रिलिकचा, वरच्या दातांवर बसणारा. "चार दिवसांत देतो," म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी सातला माप घेतलं. ट्रेमध्ये गुलाबी लगदा, पुदिन्याच्या वासाचा, गारेगार. दोन-तीन मिनिटांत घट्ट झाला. निघताना बघितलं तर तो ट्रे तसाच उघडा, खिडकीजवळच्या टेबलावर. तेव्हाच बोलायला हवं होतं.

चार दिवसांचे बारा झाले. फोन केला की काउंटरवरची मुलगी एकच सांगायची, "सर, लॅबमधून आलं नाही, उद्या फोन करा." बाराव्या दिवशी गार्ड आला आणि बसेचना. डाव्या बाजूला डुलत होता, पुढच्या एका दातावर रुतत होता. डॉक्टरांनी अर्धा तास घासून बघितला, तरी तेच. मी विचारलं, "प्लास्टर कधी ओतलं होतं?" जरा थांबून उत्तर आलं, "सोमवारी."

माझं आयुष्य साच्यात गेलंय. ग्रे आयर्नच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, मालासाठी पॅटर्न (साच्याचा नमुना) करताना आम्ही साधारण १ टक्का श्रिंकेज, म्हणजे थंड होताना आकसणं, धरतो, तेव्हा कुठं माल मापात येतो. मापाच्या त्या लगद्यात, अल्जिनेटमध्ये, बहुतांश पाणीच असतं. उघडा राहिला की तो वाळतो आणि आकसतो. म्हणून ओल्या कापडात ठेवून लवकरात लवकर प्लास्टर ओतायचं असतं. आकसलेल्या साच्यातून निघालेल्या प्लास्टरच्या दातांवर बनवलेला गार्ड खऱ्या दातांवर बसणार कसा? वर दुसऱ्या मापाचे पैसे वेगळे मागितले. मी ठाम नकार दिला, आणि त्यांना तो ऐकावा लागला.

दुसरं माप मंगळवारी सकाळी दिलं आणि प्लास्टर ओतेपर्यंत तिथून हललो नाही. तरी लॅबवाला गावाला गेला, मग मशीन बंद पडलं. माप देऊन पाच आठवडे झाले. चौथ्या आठवड्यात एका पहाटे तोंडात वाळूसारखं कचकचलं. खालच्या डाव्या दाढेचा, जुनं सिमेंट भरलेल्या दाढेचा, कोपरा तुटला होता. वेळेत गार्ड मिळाला असता तर ती दाढ राहिली असती, असं मला आजही वाटतं. शेवटी गार्ड आला तो टक्‌ करून बसला. त्या रात्री किती दिवसांनी सलग झोप लागली!

एक राहिलंच. याच्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी मला सरळ रूट कॅनाल सुचवलं होतं. दात किडलेला नसेल आणि सकाळी जबडा जड वाटत असेल, तर आधी "मी दात खातो का?" हे विचारा. घरच्यांनाही विचारा, कारण झोपेतलं आपल्याला कळत नाही.

गार्ड गार पाण्यानंच धुवा. गरम पाण्यानं वाकडा होतो. दात खाणं त्यानं थांबत नाही, फक्त दात वाचतात. ताणाकडं वेगळं बघावं लागतं. मी संध्याकाळचा चहा बंद केला, रोज रंकाळ्याला एक फेरी सुरू केली. दिवसासुद्धा मी दात आवळून बसतो हे मला भट्टीपाशी उभं असताना कळलं. आता ऑफिसच्या फोनवर लाल टिकली चिकटवलीय. ती दिसली की ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. जेवण आणि गिळणं सोडलं तर दातावर दात टेकायचं कारणच नसतं.

सहा महिन्यांनी गार्ड घेऊन तपासणीला गेलो. उजव्या बाजूला त्यावर दोन चकचकीत चरे पडलेत, नखाला लागतात इतके खोल.