गोणीभर हत्यारं

सरांचा फोन यायच्या आधी बातमीच येऊन पोचली होती. ‘घोडनदीकाठी सापडली लाखो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारे.’ फोटोत हायस्कूलचे इतिहासाचे सर, सरपंच आणि मधोमध खताची गोणी. साहेबांनी कात्रण माझ्या टेबलावर टाकलं. "जाऊन या. मानवनिर्मित आहेत की नाहीत, एवढं लेखी द्या."

दगडी अवजारं तपासणं हे माझं काम. लोकांना वाटतं, आम्ही आकार बघून ओळखतो. खरं तर आकाराइतकं फसवं काही नाही. नदीत घासून घासून एखादा गोटा हुबेहूब हातकुऱ्हाडीसारखा होतो. आपला काळा दगड, बेसाल्ट, कुजायला लागला की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, आणि त्यातली एखादी पातळ पापडी ‘आदिमानवाची सुरी’ म्हणून कुणीतरी घेऊन येतंच.

बघायचं असतं ते दगड कसा फुटलाय ते. घाव कडेपासून जरासा आत बसला की तडा आतल्या आत पसरतो आणि कपची सुटते. तिच्या पोटाला, घावाच्या बरोबर खाली, एक फुगवटा येतो. त्यापासून पुढे तरंगांसारख्या वर्तुळाकार रेषा पसरतात. मूळ दगडावर त्याच मापाचा खळगा राहतो. सवय झाली की डोळ्यांआधी अंगठ्याला कळतं. मग कोन. घाव ज्या सपाटीवर बसला ती आणि कपची निघालेली बाजू, यांच्यातला. १९३९ साली आल्फ्रेड बार्न्स या दगडी अवजारांच्या अभ्यासकाने असे कोन मोजून नियमच मांडला: ढिगातले चतुर्थांशाहून जास्त कोन ९० अंशांचे किंवा त्याहून मोठे निघाले, तर तो निसर्गाचा उद्योग समजावा. हा नियम चकमकीच्या दगडावर बेतलेला, बेसाल्टला तो सैलच बसतो. तरी मी कोनमापक घेऊन जाते. सहकारी हसतात, हसू देत.

शाळेच्या प्रयोगशाळेत गोणी रिकामी केली. भोवती सातवी-आठवीची पोरं. पापुद्रे आणि गोटे निघतील, चहा पिऊन परत फिरू, अशा हिशेबाने मी गेले होते. पहिलाच तुकडा उचलला आणि अंगठ्याखाली फुगवटा लागला. दुसऱ्यालाही होता, तिसऱ्यालाही. कोन मोजले, जवळजवळ सगळे नव्वदच्या आत. सर माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांचाही उजळला.

पण रंग बसत नव्हता. चिरकी-नेवाशाच्या अश्मयुगीन स्थळावरची खरी अवजारं ज्याने हाताळली आहेत त्याला हे सांगावं लागत नाही. लाखो वर्षं मुरलेल्या बेसाल्टवर पिवळट-तपकिरी साल चढते, धारा मऊ होतात, दोन खळग्यांमधला कंगोरा गोलसर होतो. इथे साल नव्हतीच, नुसता राखाडी मंदपणा. घावाच्या जागी पांढरा चुरा झालेला ठिपका, कुठे कुठे एकाच ठिकाणी दोन-तीनदा मारल्यासारखा. भिंगातून एका तुकड्यावर धातूचा चकचकीत ओरखडाही दिसला. दगडाने दगड फोडला तर असा ओरखडा येत नाही. धार काढायला कडेने मारलेले बारीक घाव कुठेच नाहीत. शिवाय बहुतेक तुकडे दीड-दोन इंचाचे, चाळून घेतल्यासारखे.

"सर, नदीच्या दरडीत मिळाले का हे?"

"दरडीच्या अलीकडे, जुन्या रस्त्याच्या कडेला."

सांगायचं कसं, याची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या सासूबाई दारात आल्या. एवढी गर्दी कशाची म्हणून. टेबलावरचा तुकडा उचलला, उलटा केला आणि म्हणाल्या, "ही आमची खडी हाय की. बहात्तरची."

१९७२च्या दुष्काळात त्या रस्त्याचं काम निघालं होतं. अख्खं गाव खडी फोडायला. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, दिवसभर फोडायची, संध्याकाळी मुकादम ढीग मोजणार. मोठा तुकडा दिसला की परत फेकणार. सुकडी मिळायची ती पोरांना. हे सगळं त्यांनी दोन-चार वाक्यांत उरकलं, जास्त सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

मी म्हटलं, "आजी, फोडून दाखवता?"

शिपायाने हातोडी आणली. आजी व्हरांड्यात फतकल मारून बसल्या. एक डबर पायाजवळ ओढलं आणि लगेच मारलं नाही. आधी फिरवलं. एकदा, परत एकदा, मग तिरकं करून. "दगडाला तोंड असतं बाई. बुडावर किती बी हाणा, हातच झिणझिणतो." तोंड म्हणजे ती कड, जिथला कोन नव्वदच्या आत आहे. एम. ए.च्या पोरांना मी हेच शिकवते, आणि सहामाही सरते तरी ती बुडावरच हाणत असतात. आजींनी कोन डोळ्यांनी धरला, कडेपासून बोटभर आत दोन घाव घातले, कपची टपकन पडली. पोटाला फुगवटा. टेबलावरच्या तुकड्याशेजारी ठेवली, फरक फक्त रंगाचा.

"म्हणजे मॅडम, मानवनिर्मित नाहीत?" सरांनी हळूच विचारलं.

"आहेत ना. शंभर टक्के."

"मग पुरावस्तू?"

"नाहीत."

सर गप्प झाले. त्यांना दोष देणार नाही, निदान त्यांनी उन्हातान्हात फिरून गोळा तरी केलं. राग आला तो बातमीवाल्याचा. त्याला मी फोन केला. म्हणाला, "मॅडम, लाखो वर्षांची बातमी होते. बहात्तरच्या खडीची काय बातमी?"

आपल्या कायद्याच्या हिशेबाने पुरावस्तूला किमान १०० वर्षं हवीत, हस्तलिखितांना ७५. हा पुरावस्तू कायदाही १९७२चाच. संसदेत तो झाला त्याच वर्षी आजी चिंध्या गुंडाळून बसल्या होत्या. २०७२ साली वयाची अट तरी ही गोणी पुरी करेल.

परतल्यावर मी नोंदपत्रक भरलं. मानवनिर्मित: होय. काळ: १९७२. साधन: लोखंडी हातोडी. साक्ष: करणाऱ्यांपैकी एक हयात, प्रात्यक्षिक पाहिले. सोबत निवडक तुकडे, आजींनी फोडलेली कपची वेगळ्या पुडीत, आणि गोदामात जागेची विनंती.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "वेडी आहेस का? अशाने रस्त्यारस्त्याची खडी आणून भरावी लागेल. आणि त्या बाईंना कपची हवी कुठे होती? त्यांना खडी हवी होती, हा तर कचरा." म्हटलं, आपल्या गोदामातल्या ताम्रपाषाणयुगीन कॅल्सिडनी दगडाच्या थैल्यांत दुसरं काय आहे? पाती काढून घेतल्यावर उरलेला कचराच. तो आपण क्रमांक घालून जपतो, कारण टाकणारा कोण होता ते आपल्याला माहीत नाही. त्यावर त्याने ब्राझीलची माकडं काढली. तिथली कॅपुचिन माकडं दगडावर दगड आपटतात आणि अशाच कपच्या पडतात, हे २०१६ साली प्रसिद्ध झालं. "म्हणजे फुगवटा दिसला म्हणून माणूसच, असंही नाही." बरोबर आहे त्याचं. म्हणून तर साक्षीचा रकाना मला महत्त्वाचा वाटला. आमच्या धंद्यात तो एरवी कोराच राहतो.

‘रस्त्यारस्त्याची खडी’ या मुद्द्याला मात्र माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. ही गोणी ठेवायची आणि पुढच्या गावची नाही, ते कशाच्या आधारावर? आजी भेटल्या म्हणून?

परवा नोंदपत्रक वरून परत आलं. लाल शाईत शेरा: ‘काळाच्या रकान्यात १९७२ असे नमूद आहे. इसवी सनपूर्व म्हणायचे आहे काय? खुलासा करावा.’ खाली लिहिलं, ‘नाही. इसवी सन.’ आणि परत पाठवलं.