अटिलाच्या तलवारीमागे: व्हिएन्ना ते अक्विलेया

व्हिएन्नाच्या होफबर्ग राजवाड्यात आतल्या चौकाकडे जाताना एक लाल-काळी कमान लागते, १५५२ सालची. चौकात जिन्याच्या पोटात एक दार आहे आणि त्या दारामागे ऑस्ट्रियावर राज्य केलेल्या हॅब्सबर्ग घराण्याचा खजिना. बाहेर बग्गीच्या घोड्यांच्या टापा आणि लख्ख ऊन, आत इतका मंद उजेड की डोळे सरावायला वेळ लागतो. बहुतेक माणसं आठ पाखांच्या सोन्याच्या मुकुटापाशी रेंगाळतात. मी एका तलवारीसाठी आले होते.

पाटीवर तिचं नाव 'शार्लमेनची म्हणवली जाणारी तलवार' असं आहे. शार्लमेन म्हणजे आठव्या-नवव्या शतकातला पश्चिम युरोपचा सम्राट. सम्राट तिसऱ्या ऑटोने इ.स. १००० मध्ये शार्लमेनची कबर उघडली, तेव्हा ती आत सापडली अशी आख्यायिका. दुसरी आख्यायिका तिला आणखी मागे नेते, थेट हूणांच्या राजाकडे, अटिलाकडे. लांबी सुमारे ९० सेंटिमीटर. पात्याला हलका बाक, एकाच अंगाला धार, मूठही किंचित वाकलेली. मुठीवर आणि म्यानावर सोन्याचं काम. आपल्याकडे युरोपातून आलेल्या सरळ पात्यांना 'फिरंग' म्हणायचे. इथे उलटं झालंय. पूर्वेच्या गवताळ मैदानातलं वाकडं पातं युरोपचे सम्राट राज्याभिषेकाला कमरेला बांधत होते. काचेपाशी उभं राहून मला हे फार विलक्षण वाटलं.

व्हिएन्नात नोकरीला असलेला माझा धाकटा मामेभाऊ सोबत होता. त्याने विचारलं, "ताई, खरंच अटिलाची आहे का ही?"

नाही. अटिला ४५३ मध्ये मेला. ही तलवार नवव्या-दहाव्या शतकातली, पूर्व युरोपातली, बहुधा हंगेरियन कारागिरीची. दोघांत चारशेहून अधिक वर्षांचं अंतर. तरीही मला ती पाहायची होती, कारण तिच्याभोवती जी गोष्ट गुंडाळली गेली, तिने पुढे खऱ्या माणसांचे जीव घेतले असं त्या काळच्या लोकांनी मानलं.

मूळ गोष्ट सहाव्या शतकातल्या जॉर्डेनिस या इतिहासकाराने पाचव्या शतकातल्या प्रिस्कस या लेखकाच्या आधाराने लिहून ठेवली आहे. एका गुराख्याची कालवड लंगडायला लागली. जखम कशाची, ते कळेना. तो रक्ताच्या थेंबांचा माग काढत मागे गेला, तेव्हा गवतात एक तलवार रुतलेली दिसली. चरताना कालवडीचा पाय तिच्यावर पडला होता. त्याने ती उपसून अटिलाला नेऊन दिली. अटिलाला वाटलं, ही युद्धदेवाची तलवार, आता सगळ्या जगाचं राज्य आपलंच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या गावोगावच्या स्वयंभू महादेवांची आठवण झाली होती. गाय रोज एकाच जागी पान्हा सोडते, गुराखी पाळत ठेवतो, खणून पाहतो, तर खाली पिंड. गोष्टीचा साचा तोच. गाय, गुराखी, जमिनीत दडलेला देव. आपल्या गोष्टीत माग दुधाचा निघतो आणि तिथे देऊळ उभं राहतं. हूणांच्या गोष्टीत माग रक्ताचा निघाला.

प्रिस्कस तर अटिलाला प्रत्यक्ष भेटलेला माणूस. ४४९ मध्ये पूर्व रोमन दरबारातून गेलेल्या शिष्टमंडळात तो होता आणि त्याने मेजवानीचं वर्णन लिहून ठेवलंय. पाहुण्यांना चांदीची ताटं, अटिलापुढे लाकडी. पाहुण्यांना सोन्या-चांदीचे पेले, त्याला लाकडी. त्याचे कपडे साधे, आणि त्याच्या बाजूला लटकणाऱ्या तलवारीला सोनं नाही की रत्नं नाहीत. ते वाक्य माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की समोरच्या म्यानावरचं सोनं पाहून मी मनात म्हटलं, ज्याच्या नावाने तू ओळखली जातेस त्याने तुला हातात तरी धरलं असतं का?

शापाचा भाग पुढचा, अकराव्या शतकातला. हेर्सफेल्डच्या मठातला लॅम्बर्ट हा भिक्षू तो सांगतो. १०६३ मध्ये बव्हेरियाचा ड्यूक, नॉर्डहाइमचा ऑटो, याने हंगेरीच्या शालोमोन राजाला त्याचं सिंहासन परत मिळवून दिलं. राजमातेने कृतज्ञतेपोटी ऑटोला अटिलाची म्हणून जपलेली तलवार दिली. ऑटोने ती स्नेहाची खूण म्हणून धाकट्या डेडीला, म्हणजे त्याच नावाच्या एका सरदाराच्या मुलाला दिली. डेडीचा खून झाला. तलवार जर्मनीच्या राजा चौथ्या हेन्रीकडे आली. हेन्रीने ती आपल्या मर्जीतल्या लिओपोल्डला दिली. १०७१ मध्ये लिओपोल्ड राजासोबत घोड्यावरून जाताना पडला आणि स्वतःच्याच तलवारीवर पडून जागीच मेला. कमरेला होती तीच तलवार. ऑटोची बव्हेरियाची गादी जाण्यामागे याच लिओपोल्डची चिथावणी होती असं ऑटोच्या बाजूचे लोक मानत, त्यामुळे त्यांच्या लेखी हा देवाचा न्याय होता. दोनच वर्षांनी सॅक्सनीत हेन्रीविरुद्ध बंड पेटलं आणि त्याच्या म्होरक्यांत ऑटो होता. व्हिएन्नातली तलवार तीच असेल असं अनेकांनी मानलं. लॅम्बर्टच्या ओळी वाचताना मला जाणवतं की शापाची गोष्ट नेहमी जिवंत माणसांच्या भांडणातच कामाला येते.

तलवार पाहून झाली, पण मन भरलं नाही. अटिलाने जे शहर जाळलं ते अक्विलेया पाहायचं ठरवूनच आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दक्षिणेकडची गाडी धरली. सेमरिंगच्या घाटात गाडी वळणं घेत चढते. हा लोहमार्ग १८५४ सालचा आहे, दगडी पुलांवर पूल. भावाला झोप लागली. मी खिडकीला नाक लावून बसले आणि मला खंडाळ्याचा घाट आठवत राहिला. आल्प्स ओलांडून दुपारनंतर इटलीतल्या उदिने शहरात उतरलो.

उदिनेच्या मधोमध एक टेकडी आहे, वर किल्ला. लोक सांगतात की अक्विलेया जळताना पाहता यावं म्हणून अटिलाने आपल्या सैनिकांना शिरस्त्राणांतून माती आणायला लावली आणि ही टेकडी रचली. मला वाटायचं, निव्वळ दंतकथा. पण अलीकडे तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी टेकडीत खोलवर बोअर घेऊन तपासलं, तर टेकडी खरोखरच माणसांनी रचलेली निघाली. फक्त अटिलाच्या दीड हजाराहून अधिक वर्षं आधी, कांस्ययुगात. हातांनी माती वाहिल्याची आठवण इतकी वर्षं टिकावी आणि श्रेय मात्र एका विध्वंसकाच्या नावावर जमा व्हावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नाही. वरून दक्षिणेकडे सपाट मैदान दिसतं. संध्याकाळच्या धुरकट हवेत अक्विलेया काही दिसलं नाही.

ते दुसऱ्या दिवशी गाठलं. चेर्विन्यानोपर्यंत रेल्वे, पुढे ग्रादोची बस. रोमनांनी इ.स.पू. १८१ मध्ये वसवलेलं हे शहर एकेकाळी साम्राज्यातल्या मोठ्या शहरांपैकी एक होतं. आता जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव, दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, मधूनच उभे राहिलेले खांब. जुन्या नदीबंदराच्या कडेने सायप्रसच्या झाडांतून एक पायवाट जाते. धक्क्याच्या दगडांत होड्यांचे दोर बांधायची भोकं अजून शाबूत आहेत. पाणी जवळपास नाहीच. एका भोकात मी हात घातला तर कडा घासून गुळगुळीत झालेल्या.

४५२ मध्ये हूण इथे आले. वेढा लांबला, सैन्य कुरकुरायला लागलं. तेव्हा तटाभोवती फिरणाऱ्या अटिलाला दिसलं, की करकोचे आपली पिल्लं घेऊन घरांच्या छपरांवरून शहराबाहेर चाललेत. तो सैनिकांना म्हणाला, पाखरांना पुढचं कळतं, हे शहर पडणार. शहर पडलं. वाचलेले लोक दक्षिणेला ग्रादोच्या खाजणात पळाले. या गोष्टीत देवाची तलवार कुठेच नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं. आहेत ते घरटं सोडणारे पक्षी.

बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये शिरलो आणि दोघंही गप्प झालो. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची मोझेकची फरशी, सातशे चौरस मीटरहून मोठी, काचेच्या मार्गिकेवरून पायाखाली पाहत चालायचं. मासे, कोळ्यांची जाळी, बायबलमधल्या योनाला गिळणारा समुद्रराक्षस, कोंबडा आणि कासवाची झुंज, देणगीदार बायकापुरुषांचे चेहरे. शतकानुशतकं ही फरशी नंतरच्या फरशीखाली झाकलेली होती, १९०९ मध्ये ती उघडी पडली. एका बाईच्या चेहऱ्यापाशी मी बराच वेळ बसून राहिले. मोठे डोळे, बारीक खड्यांनी केलेली गालावरची सावली. ती वेढ्याच्या शंभरेक वर्षं आधीची. तिच्या पणतवंडांनी ते करकोचे पाहिले असतील.

बॅसिलिकाच्या मागे एक छोटं लष्करी दफनस्थान आहे. मला त्याची कल्पनाच नव्हती, भावाने वाचून काढलं होतं. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यातली इसोंत्सो नदीवरची आघाडी इथून जवळच होती. २८ ऑक्टोबर १९२१ रोजी याच बॅसिलिकात ११ अनोळखी सैनिकांच्या शवपेट्या ओळीने मांडल्या होत्या. त्यातली एक रोमला अज्ञात सैनिकाच्या समाधीत जाणार होती. निवडायचा मान मारिया बर्गामास या बाईला दिला. तिचा मुलगा अंतोनियो ऑस्ट्रियाचं सैन्य सोडून इटलीकडून लढला आणि मारला गेला, त्याचा देह सापडला नव्हता. ती पेट्यांसमोरून चालत गेली, शेवटाकडच्या एका पेटीपाशी मुलाचं नाव घेऊन कोसळली. तीच पेटी निवडली गेली आणि गाडीने रोमला रवाना झाली.

उरलेल्या दहा पेट्या इथे मागे पुरल्या आहेत. पुढे मारियालाही त्यांच्याजवळच आणून पुरलं. भाऊ म्हणाला, "ताई, बस सुटेल." मी त्याला पुढे जायला सांगितलं आणि ते दहा मोजून पाहिले.