दोन जॉन रायन, एक हर्लर

काम एका कुटुंबाचं होतं: आयर्लंडमधल्या टिपरेरीतले त्यांचे खापरपणजोबा जॉन रायन १८८०च्या दशकात हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा आयरिश मैदानी खेळ) खेळत, त्यांचं आयुष्य कागदपत्रांवरून जुळवून द्यायचं. पुरावा म्हणून १८८८च्या एका सामन्याची बातमी, आणि तिच्यातल्या यादीत ‘जे. रायन’. तेव्हा संघात २१ जण खेळत, पंधरा झाले ते १९१३पासून. टिपरेरीत रायन हे आडनाव म्हणजे आपल्याकडचे पाटील. ‘जे’वर जॉन, जेम्स, जेरेमाया कुणीही निघतो.

बातमीत हरलेल्यांचे सहा पॉइंट, जिंकलेल्यांचा नुसता एक गोल. कुटुंबाला ती छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. १८९२पर्यंत पॉइंट कितीही असोत, एक गोल त्यांना भारी पडे.

१८६१ ते १८९१च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते सरकारनेच नष्ट केले. त्यामुळे खेळाडू ऐन उमेदीत असतानाचं पान मिळतच नाही, सुरुवात १९०१पासून करावी लागते. खापरपणजोबांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, वयात बसणारे दोन जॉन रायन सापडले, राहायला लगतच्या टाउनलँडमध्ये (जमिनीचा सगळ्यात लहान विभाग). इथे वयावर विसंबलं की फसगत ठरलेली. पहिल्याची आई १९०१मध्ये ५८ वर्षांची आणि १९११मध्ये ७२! मध्ये जानेवारी १९०९पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं होतं, तेव्हा बाई घाईने म्हाताऱ्या झाल्या यात नवल नाही. जन्मनोंदणी १८६४पासूनची. त्याआधीचा जन्म असेल तर बाप्तिस्म्याची वही चाळायची: लॅटिनमध्ये ‘योआनेस’ (म्हणजे जॉन), बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, दोन गॉडपेरंट. दोघांच्याही नोंदी मिळाल्या, पण हर्ली (खेळाची काठी) कोणाच्या हातात होती हे पाद्री कशाला लिहील?

उलगडा झाला जमीन-मूल्यांकनाच्या फेरतपासणी वह्यांत. कब्जेदार बदलला की कारकून जुनं नाव खोडून नवं वेगळ्या रंगाच्या शाईने लिहीत, रंगावरून साल लागतं. एकाच नावाची माणसं वेगळी ओळखू यावीत म्हणून पुढे कंसात बापाचं नाव किंवा घराण्याचं टोपणनाव. पहिला ‘रायन (पॅट)’, दुसरा ‘रायन (बॉन)’. त्याच संघाच्या पुढच्या हंगामातल्या बातमीत ‘जे. रायन (बॉन)’ असं पूर्ण छापलेलं होतं.

कुटुंब पहिल्याचं वंशज. खेळाडू शेजारचा. अहवालाला वहीच्या त्या पानाची रंगीत प्रत जोडली. काळ्या-पांढऱ्या प्रतीत शायांचा फरक दिसत नाही, आणि मग वाद सुरू होतो.