निम्म्याहून कमी

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने मृत्युपत्रात सगळे गुलाम सोडले होते का, असं तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मुलीकडे व्हर्जिनियात असले की भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना पोटोमॅकच्या काठावरचं माउंट व्हर्नन दाखवायला मीच नेते. वॉशिंग्टनचा वाडा, नदीकडे उघडणारा व्हरांडा, बाजूला गुलामांच्या खोल्या, खाली समाधी. परतताना गाडीत एक प्रश्न हमखास येतो: "वॉशिंग्टनने मृत्युपत्रात सगळे गुलाम सोडून दिले होते ना?"

सगळे नाही. निम्म्याहून कमी. आणि असं का झालं, ते मला माझ्या वकिलीमुळे कळलं. मी तीस वर्षं दिवाणी कोर्टात वाटणीचे दावे चालवले. कुणाचा हिस्सा किती, विधवेचा हक्क कायमचा की हयातीपुरता, यावरून भावाभावांत पिढ्यानपिढ्या वैर चाललेलं पाहिलंय. तीच भाषा मला इथे भेटली, फक्त वाटायची मिळकत माणसांची होती.

गोष्ट वॉशिंग्टनच्या आधी सुरू होते. डॅनियल पार्क कस्टिस हा व्हर्जिनियातला बडा तंबाखूवाला जमीनदार 1757 साली मृत्युपत्र न करता वारला. मागे 26 वर्षांची विधवा मार्था, दोन लहान मुलं, सतरा हजार एकरांहून जास्त जमीन आणि तीनशेच्या आसपास गुलाम. कायद्याने विधवेचा तिसरा हिस्सा. तिच्या वाटणीला ऐंशीहून जास्त माणसं आली. जानेवारी 1759 मध्ये तिने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि ही माणसं त्याच्या शेतांवर आली. त्याच्याकडे स्वतःचे गुलाम होतेच. बाप वारला तेव्हा, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याला पहिले दहा वारशाने मिळाले होते.

मार्थाचा हक्क मात्र हयातीपुरता होता. याचं मूळ 1705 च्या व्हर्जिनियाच्या कायद्यात आहे. वारसाहक्कासाठी गुलाम ही स्थावर मिळकत मानावी, असं तो कायदा सांगतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. स्थावर आणि जंगम हा फरक मी शिकाऊ वकिलांना वर्षानुवर्षं समजावलाय. जमीन, घर, विहीर म्हणजे स्थावर. गुरं, दागिने, भांडी म्हणजे जंगम. इथे चालत्याबोलत्या माणसाला विहिरीच्या रांगेत बसवलं होतं. कारण उघड होतं. जमीन ज्या वारसाकडे जाईल, तिच्यावर राबणारे हातही त्याच्याकडेच गेले पाहिजेत. हात नसले तर तंबाखूच्या जमिनीला किंमत काय! म्हणून विधवेने त्यांची वहिवाट करावी, कष्ट करून घ्यावेत, पण ती मेली की ते पहिल्या नवऱ्याच्या वंशाकडे परत. तिला त्यांना सोडता येत नव्हतं आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्यालाही नाही.

त्यात 1662 चा आणखी एक कायदा होता: मूल आईच्या दर्जाचं. बाप कुणीही असो, आई गुलाम तर मूल गुलाम, आणि ते आईच्या मालकाचं. म्हणजे मुद्दल कस्टिस घराण्याचं आणि वाढही त्यांचीच. 1799 साली वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननच्या गुलामांची यादी केली. एकूण 317 नावं. त्यातली 123 त्याच्या मालकीची, 153 कस्टिस इस्टेटीची, उरलेली बहुतेक एका शेजारणीकडून भाड्याने घेतलेली. ऐंशीचे 153 झाले होते, कारण चाळीस वर्षांत बायांना मुलं झाली होती.

एकाच आवारात राहणारी माणसं आपसांत लग्नं करणारच. हर्क्युलिस हा वॉशिंग्टनचा नावाजलेला स्वयंपाकी. राष्ट्राध्यक्षाच्या फिलाडेल्फियातल्या घरी त्याच्याच हातचं जेवण असे. तो वॉशिंग्टनच्या मालकीचा. त्याची बायको ॲलिस कस्टिस इस्टेटीची, म्हणून रिचमंड, ईव्ही आणि डेलिया ही त्यांची मुलं कस्टिसांची. 22 फेब्रुवारी 1797 रोजी, मालकाच्या पासष्टाव्या वाढदिवशी, हर्क्युलिस माउंट व्हर्ननहून पळाला. काही आठवड्यांनी फ्रान्सचा राजपुत्र लुई फिलिप तिथे पाहुणा आला. त्याच्या नोकराने हर्क्युलिसच्या लहान मुलीला विचारलं, बाबा आता दिसणार नाही म्हणून वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, नाही, मला फार आनंद झालाय, कारण ते आता मोकळे आहेत. राजपुत्राने रोजनिशीत हे टिपून ठेवलं. मुलगी जेमतेम सहा वर्षांची होती. मोकळं असणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगितलं असेल, आणि कुठल्या रात्री, या विचाराने मला अजून गलबलून येतं.

जुलै 1799 मध्ये वॉशिंग्टनने मृत्युपत्र लिहिलं. विल्यम ली या त्याच्या जुन्या खास नोकराला, एकट्यालाच, ताबडतोब मुक्ती आणि वर्षाला 30 डॉलर. बाकीचे मार्थाच्या मृत्यूनंतर मोकळे. आधी सोडलं तर कस्टिसांच्या गुलामांशी झालेल्या लग्नांमुळे घरं फुटतील, हे त्याने स्वच्छ लिहिलंय. त्या दुसऱ्या गटाला सोडणं आपल्या हातात नाही, हेही. हे मी खोटं मानत नाही. पण मार्थाच्या मृत्यूनंतरही तीच घरं फुटणार होती.

तो डिसेंबरमध्ये गेला. आपल्या मरणावर शंभराहून जास्त माणसांची सुटका अवलंबून आहे, हे मार्थाच्या मनाला लागलं. तिला जिवाची भीती वाटते, असं भेटून गेलेल्या ॲबिगेल ॲडम्सने, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोने, पत्रात लिहिलं. 1 जानेवारी 1801 पासून तिने त्याचे गुलाम सोडले. नवरा मोकळा, बायको-मुलं गुलाम, अशी घरं त्या दिवशी तयार झाली. मे 1802 मध्ये मार्था वारली आणि कस्टिसांची माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. एका आईची मुलं वेगवेगळ्या हिश्श्यांत. जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस या नातवाच्या मालकीची माणसं आर्लिंग्टन या त्याच्या मळ्यावर राबली. 1857 साली तो वारला. पाच वर्षांत सगळ्यांना सोडावं, असं त्याचं मृत्युपत्र होतं. अंमलबजावणी जावयाकडे, म्हणजे अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या राज्यांचा सेनापती असलेल्या रॉबर्ट ली याच्याकडे. त्याने मुदत जवळजवळ पूर्ण वापरली आणि सुटकेच्या दस्तावर 29 डिसेंबर 1862 ला सही केली.

इथपर्यंत ऐकून पाहुणे म्हणतात, "मार्थाच्या तरी हातात काय होतं? कायदाच तसा." 153 जणांच्या बाबतीत खरं आहे. पण एलिशा नावाचा एक माणूस तिच्या स्वतःच्या मालकीचा होता. त्याच्यावर कस्टिसांचा हक्क नव्हता. त्याला सोडायला कुणाची संमती लागत नव्हती, एक ओळ पुरली असती. तिने शेवटच्या दिवसांत मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि एलिशा नातवाच्या नावे लिहून दिला.