एचआयव्ही असलेल्या पेशंटला फिजिओथेरपी देताना: माझा अनुभव

फिजिओ म्हणून काम सुरू करून जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. एका काकांच्या फाईलवर लिहिलेलं, एचआयव्ही पॉझिटिव्ह, बरीच वर्षं एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू, तक्रार काय तर तळपायांची आग होते आणि अंधारात चालताना तोल जातो. मी पहिला शब्द वाचला आणि पुढचं सगळं नुसतं नजरेखालून गेलं. ग्लोव्हजवर ग्लोव्हज चढवले. काका काही बोलले नाहीत, पण शेजारच्या बेडवरच्या आजींना मी नुसत्या हातांनी उठवून बसवलं होतं ते त्यांनी बघितलं होतं.

त्यात पाय दुखतात म्हणून मी सरळ हॉट पॅक काढला. सिनियर मॅडमनी माझा हात धरला, "सेन्सेशन तपासलंस का?" नव्हतं तपासलं, कारण मला त्या पायांना हात लावायचाच नव्हता. मग त्यांनी स्वतः नुसत्या हातांनी काकांचे मोजे काढले, कुठे जखम नाही ना ते बोटांच्या बेचक्यात बघितलं आणि मोनोफिलामेंट, म्हणजे तो नायलॉनचा बारीक दोरा, वाकेपर्यंत टेकवला की १० ग्रॅम दाब पडतो, तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत गेल्या. काका डोळे मिटून बसलेले, घोट्यापर्यंत एकदाही "हो" आलं नाही. आग होते तिथेच स्पर्श कळत नाही. पॅक ठेवला असता तर फोड येईपर्यंत त्यांना पत्ता लागला नसता.

त्या रात्री झोप आली नाही, पुस्तकं काढून बसले. तसं सगळं परीक्षेला लिहिलेलं होतं की. धड त्वचेला हात लावून, घामातून, थुंकीतून हा विषाणू पसरत नाही. रक्त लागलेली सुई टोचली तरी संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के, आणि तेव्हासुद्धा ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, औषध सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. औषधं नियमित असतील आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, टेस्टमध्ये सापडत नसेल इतका खाली टिकून असेल तर शारीरिक संबंधातूनही संसर्ग होत नाही. मग मी नुसता गुडघा वाकवताना कशाला घाबरत होते? ग्लोव्हज लागतात ते रक्त, उघडी जखम असेल तेव्हा, आणि ते प्रत्येकच पेशंटला, कारण कितीतरी जणांना स्वतःलाच माहीत नसतं.

एड्स म्हणजे पुढची अवस्था, सीडी फोर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा आकडा, २०० च्या खाली जाणं किंवा ठराविक गंभीर आजार होणं, हेही नीट डोक्यात बसलं. काकांचा ५०० च्या वर होता! माझ्या दृष्टीने त्यांचा खरा प्रश्न न्यूरोपॅथीचा, म्हणजे नसा खराब होण्याचा होता, जी विषाणूमुळेही होते आणि स्टॅव्हुडीनसारख्या जुन्या औषधांमुळेही, आणि काकांनी सुरुवातीला तेच घेतलेलं.

तेव्हापासून अशा पेशंटने जांघेत दुखतं म्हटलं की मी स्नायू ताणला असेल म्हणून सोडून देत नाही, कारण खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन ते मरू लागलेलं असू शकतं. एका बाजूची ताकद अचानक कमी झाली तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टरांकडे. बाकी तब्येत स्थिर असेल तर चालणं, सायकल, वजनं सगळं चालतं, आठवड्यातून ३ वेळा, २० मिनिटांपासून सुरुवात, फक्त थकवा रोज सारखा नसतो म्हणून आल्या आल्या "आज कसं वाटतंय" हे खरंच विचारायचं आणि त्याप्रमाणे कमीजास्त करायचं.

दुसऱ्या भेटीत मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "मॅडम, सवय आहे हो." ते ऐकून फार लागलं मला. मग त्यांची टाच तळहातावर घेऊन पाय नीट तपासले, रोज रात्री आरशात तळवे बघायला शिकवलं, अनवाणी फिरू नका म्हटलं, पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा लावायला सांगितला, आणि बॅलन्सचे व्यायाम सुरू केले.

३ महिन्यांनी कंपन कळतं का ते बघायला ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवला, तिथे काही फरक नव्हता. पण एका पायावर उभं राहायला पहिल्यांदा ४ सेकंद जमलेलं, त्या दिवशी ११ झाले, आणि काका म्हणाले थांबा, उजव्या पायाचं पण मोजा.