लाइट: एका उच्चारात दोन शब्द

कॅम्पातून जाताना रेजिमेंटल सेंटरची पाटी वाचून माझ्या सातवीतल्या भाचीने विचारले, "मामा, मराठा लाइट इन्फंट्रीत लाइटचं काय काम?" बेळगावात आम्ही दिवसातून अनेकदा "लाइट गेली", "लाइट आली" म्हणतो, त्यामुळे तिचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला.

पलटणीच्या नावातील लाइट म्हणजे हलकी. ओझे कमी आणि चाल जलद ठेवून मुख्य फौजेच्या पुढे पसरून लढणाऱ्या पायदळाला हे नाव होते, आणि ते मानाचे समजले जाई. इंग्रजांच्या मुंबई फौजेच्या पाचव्या पलटणीने, म्हणजेच पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत आलेल्या ‘काळी पाचवी’ने, 1840 मध्ये बलुचिस्तानातील काहान काही महिने लढवून राखले, त्यानंतर तिला हा किताब मिळाला.

उजेडाचा लाइट आणि वजनाचा लाइट हे मुळात वेगळे शब्द असून जुन्या इंग्रजीतच त्यांची रूपे एकसारखी झाली. जर्मनमध्ये ते आजही लिष्ट आणि लाइष्ट असे निराळे आहेत. उजेडाच्या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे या धातूशी जुळते, तर वजनाचा शब्द थेट ‘लघु’चा भाऊबंद आहे. ‘लघु’पासून प्राकृतात ‘लहु’ झाले, त्यातील अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलु’ झाले, आणि आपले ‘हलका’ व ‘हळू’ तिथूनच आले. म्हणजे पलटणीच्या पाटीवरचा इंग्रजी शब्द आपल्या ‘हलक्या’चा दूरचा नातलगच निघतो, हे कळले त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. फुप्फुसाला इंग्रजीत लंग म्हणतात तेही याच मुळावरून, कारण हा अवयव वजनाला हलका असतो.

भाचीला हे सांगता सांगता शहापुरातील साडीच्या दुकानातील प्रसंग आठवला. आईने "लाइटमधली दाखवा" म्हटल्यावर दुकानदाराने फिक्या रंगाच्या साड्या पसरल्या, आणि तिला तर नेसायला हलकी साडी हवी होती. रंगाचा लाइट उजेडाकडचा, साडीचा वजनाकडचा. "हलकी दाखवा" असे ती म्हणू शकली असती, पण मराठीत हलकी म्हणजे कमी प्रतीचीही होते, आणि दुकानात तो अर्थ कोणालाच नको असतो. माझ्या मते ‘लाइट’ आपल्याकडे इतका रुळला तो या अडचणीमुळेही. शेजारच्या कन्नडमध्ये उजेडाला ‘बेळकु’ आणि वजनाने हलक्याला ‘हगुर’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत.

भाचीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग ‘हळू चाल’ आणि ‘जलद पलटण’ एकाच शब्दातून कशा निघाल्या?" ज्याचे वजन कमी त्याचे पाऊल अलगद पडते, आणि अलगद पडणारे पाऊल वेगाने उचलताही येते, आपण त्यातला अलगदपणा धरला, फौजेने वेग धरला, एवढेच मला तिला सांगता आले.